जगाचा इतिहास आणि आपलं विदर्भातलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात मी अधूनमधून इतिहासावर बोलतो. ऐकायला स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, तशीच यार्डात कापूस टाकून परतलेली माणसं, बचत गटाच्या ताया, निवृत्त गुरुजीही येतात. बोलणं आटोपलं की चहाच्या वेळी खरे प्रश्न सुरू होतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसकट इथे मांडले आहेत.

जगाच्या इतिहासाशी आमच्या गावाचं काय घेणंदेणं? लढाया झाल्या तिकडे, राजे मेले तिकडे.

विदर्भातलं खेडं म्हणजे जगापासून लांब पडलेलं, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. ते खरं नाही. निदान दीडशे वर्षांपासून आपण जगाच्या बाजाराच्या ऐन मधोमध उभे आहोत. वावरात पराटी, म्हणजे कपाशी, का आहे, तालुक्याला बाजार समिती का आहे, नदीपलीकडच्या गावात मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि आपल्याकडे का नाही, बौद्ध वस्तीतल्या विहारात कोणती शपथ घेतली जाते, यातल्या प्रत्येकाच्या मागे जगातल्या कुठल्या तरी घडामोडीचा हात आहे. आणि इथूनही बरंच काही जगात गेलं आहे, ते पुढे येईलच.

कापसाचा आणि अमेरिकेतल्या युद्धाचा संबंध नेहमी सांगतात. तो नेमका काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचं उत्तर थोडक्यात देणं मला पटत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात सुताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. मँचेस्टर हे त्या धंद्याचं केंद्र आणि लिव्हरपूल हे बंदर. इंग्लंडात कापूस पिकत नाही. युद्धाच्या आधी त्यांच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत असे. तो कापूस वेचत होते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे वंशज. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. त्याआधी १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करायचं यंत्र बनवलं होतं. सरकी काढायचं काम झटपट होऊ लागलं, पण वेचणी हातानेच राहिली, म्हणून आणखी जमीन कापसाखाली गेली आणि आणखी माणसं गुलामीत जुंपली गेली. यंत्राने कष्ट कमी होतात, असं आपण सहज म्हणतो. तिथे उलटं झालं.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलं. अध्यक्ष लिंकन यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. कापूस बाहेर पडेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, तिथल्या मजुरांच्या चुली विझल्या, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या नकाशावर काळ्या मातीचा पट्टा शोधू लागली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आलंच होतं. खामगाव, अमरावती, अकोला, हिंगणघाट इथे दर भराभर चढले. मुंबईचे दलाल बैलगाड्यांच्या मागे गावोगाव फिरू लागले. इंग्रज सरकारने तर कापूस आयुक्त असं स्वतंत्र पदच निर्माण केलं.

म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांना जो भाव मिळाला, तो दुसऱ्या खंडातल्या गुलामांच्या सुटकेसाठी चाललेल्या युद्धामुळे मिळाला. हे मी पोरांना सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो. दोन्हीकडे वेचणारे हात काळ्या मातीतले आणि गरिबांचेच होते, एवढं त्यांना आपलं आपण कळतं.

मग तेव्हाचा शेतकरी श्रीमंत झाला का?

चार वर्षं झाला. काहींनी दागिने केले, काहींनी बैल घेतले, माडीची घरं बांधली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि दर कोसळले. मुंबईत सट्टेबाज बुडाले, ते पुस्तकांत आहे. इथला शेतकरी बुडाला, ते फारसं कुठे नाही. भाव पडला तरी सारा रोखीत भरायचाच होता आणि सावकाराचं व्याज थांबत नव्हतं. कर्ज फेडायचं तर रोख पैसा हवा, रोख पैसा हवा तर कापूसच पेरायला हवा, असं ते चक्र. ते कुणी थांबवलं नाही, आजही ते फिरतंच आहे.

याची सगळ्यांत कडू बाजू दुष्काळात दिसली. पूर्वी घरच्या बळदात, पेवात ज्वारी साठवलेली असायची. कापसाचं क्षेत्र वाढलं तसा हा साठा आटला आणि धान्य विकत घ्यायची पाळी आली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये पाऊस फसला, तेव्हा कापसाने भरभराटीला आलेला म्हणून ज्याचं नाव होतं त्या मुलखात माणसं भुकेने मेली. निसर्गाने पाऊस रोखला हे खरं. पण घरात दाणा का नव्हता, हा प्रश्न निसर्गाला विचारून भागत नाही.

बाजार समिती आपल्या शेतकऱ्यांसाठी काढली होती ना?

सुरुवात तरी तशी नव्हती. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये आपल्या कारंजा लाडला सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा आला. मूळ काळजी ही की इंग्लंडच्या गिरण्यांना भेसळ नसलेला माल वाजवी दरात मिळावा. शेतकऱ्याचं हित त्यात नंतर आलं आणि त्यासाठी लोकांना भांडावं लागलं. आज समितीच्या निवडणुकीत मत देताना हे ठाऊक असलेलं बरं.

रेल्वे तर इंग्रजांनी आपल्याला दिलेली देणगी, असं सगळेच म्हणतात.

रुळांची दिशा बघा, रेल्वे कशासाठी आली ते कळेल. मुंबईहून निघालेला रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्यानंतर लगेच जलंब ते खामगाव हा फाटा १८७० मध्ये आणि बडनेरा ते अमरावती हा १८७१ मध्ये झाला. दोन्ही फाटे कापसाच्या पेठांपर्यंत जाऊन थांबतात. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता, त्यामुळे बोटींचा आफ्रिकेला घालायचा वळसा वाचला. वऱ्हाडातली कापसाची गाठ रेल्वेने मुंबईला, तिथून बोटीने सुएझमार्गे लिव्हरपूलला जायची आणि तिचंच कापड त्याच वाटेने परत यायचं. ते कापड स्वस्त होतं. आपल्या कोष्ट्यांचे माग त्याच्यापुढे टिकले नाहीत. जाडंभरडं कापड विणून पोट भरणारी महार कुटुंबं गावोगाव होती, त्यांचाही तो आधार तुटला. जे विणकर होते ते मजूर झाले.

यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या वाटेवरची आपली शकुंतला ही छोटी गाडी याच साखळीतली. १९१० च्या दशकात किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने अडीच फूट रुंदीचा तो रूळ टाकला. मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन त्यावर १९९४ पर्यंत धावलं. त्या गाडीवर लोकांचा जीव होता आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या कामासाठी ती आली ते बाजूला राहिलं आणि ती लेकीबाळींना माहेरी नेणारी गाडी झाली. ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी रास्तच आहे.

रेल्वेने कुणाचं बुडालं, तेही सांगायला हवं. रेल्वेआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवर पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता. हजारो बैलांचे तांडे, त्यांचे नाईक, त्यांच्या वाटा, त्यांची पत. रूळ आले आणि हा सारा धंदा एका पिढीत गेला. वर १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरत्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय झाली. तो कायदा स्वतंत्र भारतात, १९५२ मध्ये रद्द झाला. ‘विमुक्त’ हा दाखला घेताना पोरं मला विचारतात की आपण नेमके कशातून विमुक्त झालो. यातून.

वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे इतका फरक का? सोयरिकी होतात, पण जमिनीचे कागद वेगळे, चाली वेगळ्या.

नदी ही दीर्घकाळ सरहद्द होती. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध झालं. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. दोन्हीकडे इंग्रज सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. चिखलदऱ्याला फिरायला जाणाऱ्यांनी गाविलगडाच्या तटावर जरा थांबून हे आठवावं.

गाविलगडानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. निजामाने तो १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला. इकडे तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. म्हणजे दोन्ही काठांवर इंग्रजच, पण दोन वेगळ्या दारांनी आलेले.

जमिनीची पद्धत त्यामुळे वेगळी झाली. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांचा थेट संबंध. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) या बाजूला १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली. मालगुजारी कायद्याने १९५१ मध्ये संपली. वाडे उरले आणि तलाव उरले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले ते तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणून कागदावर आले आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव झाले. मालगुजार गेल्यावर तलाव सरकारजमा झाले आणि पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, याचा धनी राहिला नाही. गाळ साचला, धानाला पाणी पुरेना. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्यासोबत गावाचा तलावावरचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही सैल झाली, याची किंमत धानपट्टा अजून मोजतो आहे.

व्यापारी गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढतो. तो काय पाहतो? आणि आपला देशी कापूस कुठे गेला?

तो धागा पाहतो. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्याखाली धरतो, हळूच ओढतो, तुटलेलं टोक बाजूला टाकून पुन्हा ओढतो, मग उरलेले तंतू बोटावर पसरून लांबी बघतो. दोन मिनिटं लागत नाहीत आणि तेवढ्यात तुमच्या सहा महिन्यांचा हिशेब होतो.

ही लांबीची कसोटी लँकेशायरच्या यंत्रांची आहे. ती यंत्रं अमेरिकी कापसाच्या लांब धाग्यासाठी घडवलेली होती. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, पण कमी पाण्यात तग धरणारा, किडीला सहजी बळी न पडणारा. हातमागाला तो चालत होता, उत्तम चालत होता. हिंगणघाटच्या कापसाचं तर मोठं नाव होतं. मँचेस्टरने मात्र त्याला दुय्यम ठरवलं. अमेरिकेचा माल परत मिळू लागला तशी त्यांची गरज ओसरली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या आखूड धाग्याचं मोठं गिऱ्हाईक झालं ते जपान. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या मालाला अमरावतीवरून ‘उमरा’ म्हणत.

पुढे सरकारी संशोधनाने अमेरिकी जातीचा प्रसार केला, १९७० पासून संकरित वाण आले आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं बोंडअळी आटोक्यात राहिली, हे नाकारता येत नाही. नंतर गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. बियाणं दरवर्षी विकत, फवारणी पुन्हा वाढलेली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. माझं मत विचाराल तर कोरडवाहू वावरात देशी वाणाला अजून जागा आहे. त्यावर काम करणारे शास्त्रज्ञही आहेत. बाजाराने त्या धाग्याला भाव दिला पाहिजे, अडचण तिथे आहे.

आपलं जेवण तरी अस्सल आपलंच आहे ना?

हो, आपलंच, पण घडलेलं जगाच्या वाटांवर. तिखट, शेंगदाणे, आलू, टमाटर, मका, पेरू, सीताफळ ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला आणि त्यानंतर पोर्तुगिजांच्या गलबतांतून ही पिकं आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि ते योग्यच आहे, कारण चारशे वर्षं मातीत मुरलेलं पीक त्या मातीचंच होतं. ज्वारीसुद्धा फार प्राचीन काळी आफ्रिकेतून आली. संत्र्याचं कूळ चीन आणि आग्नेय आशियाकडचं, नागपूरच्या मुलखात ते भोसल्यांच्या काळात रुजलं. सोयाबीन चीनचं, पण आपल्या वावरात ते पसरलं गेल्या तीस-चाळीस वर्षांत.

आजी ‘मिलो’ची भाकर सांगते. ती कोणती?

अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळत होती. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालत, इथे माणसांनी खाऊन दिवस काढले. पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्याच काळात रोजगार हमीचं काम महाराष्ट्रात उभं राहिलं. पुढे देशभर झालेल्या रोजगार हमी कायद्याचा वाटाड्या तोच. आजीला अजून विचारा, लिहून घ्या. खडी फोडलेली ती पिढी आता थोडीच उरली आहे.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे फ्रान्सकडून घेतलं ना? मग ते आपलं कसं?

फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीने हे तीन शब्द जगभर नेले, हे खरं. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, युरोप-अमेरिकेतलं तत्त्वज्ञान त्यांनी मुळातून वाचलं होतं. तरीही ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतलं आहे. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसोबत त्यांनी धम्मदीक्षा घेतली. दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचे. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला पुन्हा दीक्षेचा सोहळा झाला. भारतात जवळपास लोपलेला धम्म शेजारच्या देशांनी जपला आणि तो विदर्भाच्या मातीत परत आला. जगाच्या इतिहासात इतक्या शांतपणे, इतक्या लोकांनी एका दिवसात आपलं आयुष्य बदलल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

नागपूरच का, हेही लोक विचारतात. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागलोकांच्या बौद्ध परंपरेचा हवाला दिला. त्याच्या जोडीला एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं तो दिवस, म्हणून ते नाव. खेड्यात बलुत्यावर जगणारी, मेलं ढोर ओढायला लावलेली माणसं तिथे रोख पगारावर लागली. गिरणीतही भेदभाव होता. पण महिन्याच्या पगाराने गावच्या पाटलाची मेहरबानी लागेनाशी झाली, पोरं शाळेत गेली, वस्त्यांत संघटना उभ्या राहिल्या. नागपूरची आंबेडकरी चळवळ त्या गिरणी कामगारांच्या घामावर उभी आहे. खेड्यापाड्यांतून लोक १९५६ मध्ये पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरला पोचले, त्यांची उतरायची सोय याच वस्त्यांनी केली असणार, यात मला शंका नाही.

जगाकडून आपण घेतलं, ते समजलं. आपण जगाला काय दिलं?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन, खालच्या छपराची कुटी. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची, शिक्षण परिषद भरली, जुलै १९४२ मध्ये इंग्रजांनी चालतं व्हावं हा काँग्रेस कार्यसमितीचा ठराव वर्ध्यालाच झाला, पुढच्याच महिन्यात आष्टी आणि चिमूर पेटले. १९४९ च्या डिसेंबरात जगभरचे शांततावादी सेवाग्रामला जमले.

आता नागपूरला या. १९५३ मध्ये हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकी आला. कोरियाच्या युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिल्याबद्दल तो अमेरिकेत तुरुंगवास भोगून आला होता. गांधीजींची अहिंसा त्याला इथे राहून, इथल्या माणसांकडून समजून घ्यायची होती. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी लॉसन यांनी नागपुरात वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परत गेले. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांनी त्यांना लगेच दक्षिणेत काम करायला बोलावलं. नॅशव्हिल शहरात लॉसन यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे दिले. अंगावर कुणी थुंकलं, मारलं तरी हात न उचलता जागेवर बसून कसं राहायचं, याचा चक्क सराव करून घेतला. १९६० मध्ये तेच विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळींत जाऊन बसले आणि त्या उघडायला लावल्या. लॉसन २०२४ मध्ये वारले.

वर कापसाच्या उत्तरात जी ४० लाख माणसं आली, त्यांच्या वंशजांचा हा लढा. त्यांच्या सुटकेच्या युद्धाने आपल्या वावरात कापूस पसरवला. जवळपास शंभर वर्षांनी त्यांच्या हक्काच्या लढ्यातला एक बिनीचा माणूस वर्धा-नागपूरच्या हवेत तयार होऊन गेला. आपल्या पोरांना हे शाळेत सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नागपूरच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव माहीत असावं.

१९१८ ची साथ आपल्या गावांत आली होती का?

आली होती, आणि कोरोनापेक्षा फार भयंकर. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटींबरोबर तो ताप जगभर फिरला. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात, तिथून रेल्वेने आत. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक. जुनी माणसं तिला मानमोडीची साथ म्हणत.

पुरावा पाहायचा असेल तर तहसिलीत आहे. जात पडताळणीसाठी आपण कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढतो. ती काढायला गेलात आणि त्या वर्षाची पानं शिल्लक असतील, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ नजरेखालून घाला. मृत्यूच्या नोंदी खाली खाली सरकत जातात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’.

गोठणगावचे तिबेटी आणि गडचिरोलीतले बंगाली इथे कसे?

तिबेटमधून १९५९ मध्ये दलाई लामांना आणि त्यांच्यामागे हजारो लोकांना निघावं लागलं. त्यातल्या काहींची वसाहत १९७२ मध्ये आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ झाली. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणारी मंडळी तीच. मूलचेरा, चामोर्शीकडची बंगाली गावं फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची. घर सोडावं लागलेल्यांना या जंगलपट्ट्याने जागा दिली. ती जागा आदिवासींच्या मुलखात होती, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

हिंगणघाटला गोऱ्या साहेबाची कबर आहे म्हणतात, ती कुणाची?

विल्यम लॅम्ब्टन यांची. १८०२ मध्ये मद्रासपासून त्यांनी अख्ख्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी सुरू केली आणि ते काम करत उत्तरेकडे सरकत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांच्यामागून काम हाती घेतलं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी, ज्यांचं नाव पुढे शिखराला दिलं गेलं. त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

हे सगळं ऐकून वाटतं की आपलं वाटोळं इंग्रजांनीच केलं. बरोबर?

अर्धं बरोबर. लूट झाली, त्यात वाद नाही. पण सावकार आपलेच होते, मालगुजार आपलेच होते, आणि विहिरीवर पाणी भरू न देणारे हात साता समुद्रापलीकडून आलेले नव्हते. सगळं बाहेरच्यांवर ढकललं की गावातल्या अन्यायाचा हिशेब चुकता होत नाही. सगळं आपल्या नशिबावर ढकललं की बाहेरचा हिशेब राहून जातो. मला दोन्ही हिशेब हवे आहेत.

आज तरी आपला भाव आपल्या हातात आहे का?

फारसा नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना मोठं अनुदान देते, त्याने जगातला दर दबतो. ब्राझीलने त्याविरुद्ध २००२ मध्ये दाद मागितली आणि खटला जिंकला. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या गरीब आफ्रिकी देशांनीही २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला. त्यांची आणि आपली गाऱ्हाणी अगदी सारखी आहेत. आपल्या राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायची योजना, होती, तिच्यात दोष होते, पण ती गेल्यावर शेतकरी बाजारात एकटा पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना दिलासा मिळाला. आपला नवा कापूस घरात यायची वेळ तीच होती.

माझ्या गावाचा इतिहास शोधायचा आहे. सुरुवात कुठून करू?

कागदापासून आणि म्हाताऱ्यांपासून, एकाच वेळी. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुने बंदोबस्ताचे कागद मागा. पूर्व विदर्भात असाल तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नक्की पाहा. गावाने जंगल, तलाव, गायरान कसं वापरायचं ते त्यात लिहिलेलं असतं आणि हक्काच्या भांडणात ते आजही कामी येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जिल्हा गॅझेटियर संगणकावर वाचता येतात. ती साहेबाच्या नजरेने लिहिलेली आहेत, जातींबद्दलची शेरेबाजी तिथे सोडून द्या, आकडे आणि ठिकाणं घ्या. नागपूरला पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे. गावात सरकी काढायची बंद पडलेली जिन असेल तर यंत्रावरच्या लोखंडात ओतलेली अक्षरं वाचा, ओल्डहॅम किंवा मँचेस्टर सापडायची शक्यता बरीच आहे. फोटो काढून ठेवा, भंगारवाला कधी येईल सांगता येत नाही.

कागद मोडी लिपीतले निघाले तर?

मोडी महिना-दोन महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते, वर्गही चालतात. तोवर कागदाला हळद-कुंकू लावू नका, चिकटपट्टी लावू नका, घडी मोडून सपाट ठेवा आणि दिवसाच्या उजेडात नीट फोटो काढून आमच्या वाचनालयात आणा. बसून वाचू.